शमुवेल मास्तरांची हरकत

माणूस मेला की त्याचे दोष त्याच्याबरोबर पुरून टाकायचे, अशी आमच्या मंडळीत पद्धत आहे. शमुवेल मास्तर गेले तेव्हा सगळ्यांनी तेच केलं. पाळकसाहेब म्हणाले, विश्वासू सेवक. महिला मंडळाने कागदावर लिहून आणलं, शांत स्वभावाचा संत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. शांत? मास्तर शांत असते तर आमच्या टेकडीवरच्या कावळ्यांना जरा झोप मिळाली असती.

आता मंडळीची पुस्तिका निघते आहे, म्हणून मलाही लिहायला सांगितलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यभर दवाखान्यात आया म्हणून काम केलं. पण मास्तरांनी भर उपासनेत हरकत घेतली तेव्हा मी तिथे होते आणि त्या हरकतीचं पुढे जे झालं तिथेही होते. माझ्याखेरीज पीटरकाका होते, पण त्यांना आता ऐकू येत नाही आणि ते सगळं चुकीचं सांगत फिरतात. म्हणून लिहिते.

आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. जांभ्याचं, कौलारू, दीडशे माणूस बसेल एवढं. येतात साठ-सत्तर. मास्तर अर्धा तास आधी यायचे, खिडक्या स्वतः उघडायचे आणि प्रत्येक बाकावर तळहाताने एक थाप मारायचे. धूळ उडवायला म्हणायचे, पण बाक काल पुसलेले असले तरी थाप चुकायची नाही. बुटके, जाडे, मानेचं नाव नाही. हातात हात घेतला की हापशी मारल्यासारखा खालीवर करायचे. आणि गाणं! सूर कुठे, मास्तर कुठे! पेटीवाला बिचारा त्यांच्यामागे धावून धावून थकायचा. एकदा मी म्हटलं, "मास्तर, जरा हळू गा. पुढच्या ओळीतली पोरं रडतात."

"रडू देत. माझा देव बहिरा नाही, हे मला माहीत आहे. पण मी आनंदात आहे हे माझ्या मलाच ऐकू यायला नको?"

कोणी कसं काय विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आनंदात! हुकूमच तसा आहे." शास्त्रात आनंद करा असं म्हटलंय ते सल्ला म्हणून म्हटलेलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. खोटं बोलू नका हा जसा हुकूम, तसाच हा. तोंड पाडून देवळात येणारा माणूस त्यांना चोरी करून आलेल्या माणसासारखा वाटे.

मला हे सगळं फार चढवून बोललेलं वाटायचं. मग त्यांची बायको, रूथबाई, गुरुवारी गेली. शुक्रवारी पुरलं. रविवारी मास्तर देवळात हजर! खिडक्या उघडल्या, बाकांवर थापा मारल्या आणि पहिल्या गीताला असा आवाज लावला की बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाहेर आल्यावर मी सरळ विचारलं. "मास्तर, बाई जाऊन तीन दिवस झाले. तुम्हाला काही वाटत नाही?"

ते थांबले. म्हणाले, "रडायला मला येतं, सोनाबाई. ते मी घरी करतो, भांडी घासताना. इथे माझं काम वेगळं आहे. ती उठणार आहे असं मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मयतीला सांगत आलो. आता माझ्या घरची पाळी आली तर गप्प बसू?"

मी विधुर फार बघितलेत दवाखान्यात. हा वेगळा होता.

लग्नाच्या बाबतीत ते जुन्यातले जुने. लग्न मोडायचं नाही, लग्नाआधी एकत्र राहायचं नाही, लग्नात दारू नाही, आणि नवरा हा घराचं मस्तक. हे ते ठासून सांगायचे आणि नव्या सुना कपाळाला आठ्या घालायच्या. मग मास्तर विचारायचे, "घरात शिरताना दाराची चौकट पहिली कोणाला लागते? मस्तकाला! म्हणून ते पुढे."

मंडळीत कोणाचं लग्न ठरलं की सहा संध्याकाळी जोडप्याने मास्तरांच्या पडवीत जाऊन बसायचं. पाळक बदलत, हे बदलत नसे. पहिल्या संध्याकाळी शास्त्र नाही, प्रार्थना एक. मग नवऱ्या मुलासमोर बांगडा मासळीची टोपली. साफ कर! मुलीने बघायचं, हात लावायचा नाही. रूथबाईंना मासे साफ करायचा कंटाळा होता, म्हणून मास्तरांनी लग्नानंतर सबंध आयुष्य स्वतः माशांची डोकी काढली. "बायकोवर जीव लाव म्हटलंय, त्यात आतडीही आली," असं म्हणायचे. मुंबईला बँकेत असलेला एक मुलगा पहिल्याच बांगड्याला हात धुऊन उठला. मास्तरांनी त्याला परत बसवला. तो आज बोरिवलीला बायकोला मासे साफ करून देतो, असं त्याची सासू कौतुकाने सांगते.

सार्वजनिक कामात त्यांचा वेगळाच खाक्या. दर रविवारी कलेक्टर, नगराध्यक्ष, पोलीस, मंत्री, सगळ्यांसाठी नाव न घेता प्रार्थना व्हायची, ती मास्तरच करायचे. पक्ष कोणताही असो. नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार चार माणसं घेऊन देवळात आला. उपासना चालू होती. त्याला तीन मिनिटं बोलायचं होतं. मास्तर दारात गेले, त्याचा हात हापशीसारखा हलवला आणि म्हणाले, "बोला की! पण आधी बसा." त्या दिवशी पाळकसाहेबांनी नेमका तासभर उपदेश केला. उमेदवार घामाने भिजला. उठायला लागला की मास्तर प्रेमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे.

उपासना संपल्यावर त्याला बाहेर फणसाखाली उभा केला. "आत एकाचंच राज्य आहे, तिथे दुसऱ्याचा प्रचार नाही. इथे बोला." तो म्हणाला, तुमच्या देवळापर्यंत डांबरी रस्ता करून देतो.

मास्तर म्हणाले, "देवळापर्यंत नको. तो रस्ता मोहल्ल्यात जातो, पुढे कुणबीवाडीत जातो. शेवटपर्यंत करा. आमच्यावर उपकार म्हणून केलात तर आम्ही त्यावरून चालणार नाही, बाजूने चिखलातून जाऊ."

"म्हणजे मतं देणार ना, मास्तर?"

"मत गुप्त असतं आणि विश्वास उघडा असतो, साहेब. हल्ली लोक उलटं करतात. पण तुमच्यासाठी प्रार्थना नक्की करू. निवडून आलात तर देवळात, पडलात तर घरी."

तो पडला. मास्तरांनी घरी प्रार्थना केली, हे मला ठाऊक आहे, कारण भिंतीला भिंत लागून आमचं घर आणि त्यांच्या प्रार्थनाही त्यांच्या गाण्यासारख्याच मोठ्या.

आता हरकतीची गोष्ट.

मास्तरांना एकच मुलगा, आशिष. बापासारखाच आवाजाने मोठा, मनाने हळवा. जयगडला बंदरात ठेकेदाराकडे क्रेनवर होता. सोमवारी पहाटे डबा घेऊन एसटीने जायचा, शनिवारी यायचा. त्याचं लग्न ठरलं आमच्याच मंडळीतल्या करुणाशी. करुणा नर्स, काळीसावळी, तडफदार. मी तिला इंजेक्शन द्यायला शिकताना बघितली आहे, पेशंट ओरडायच्या आत सुई बाहेर. बाप नाही, आई आहे. करुणाच्या आईची एकच अट होती, मुलाची नोकरी पक्की हवी. आशिषने सांगितलं, पक्की आहे, गेल्याच वर्षी कायम केलं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात. पाळकसाहेब वरून वाचतात की अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कोणाची काही हरकत असेल तर त्याने ती आता सांगावी. मग जरा थांबतात. त्या थांबण्यात सगळी मंडळी खोकते. माझ्या आयुष्यात कधी कोणी हरकत घेतली नव्हती. पहिल्या रविवारी आशिष-करुणाचं नाव वाचलं, मंडळी खोकली आणि मास्तरांनी असा आवाज लावला की खिडकीतली मांजर पळाली.

त्या बुधवारी मास्तर न सांगता जयगडला गेले. आशिषच्या सोबत्यांना आमंत्रण द्यायचं होतं आणि पोराला नारळाच्या वड्या. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आशिष? अहो, त्याला जाऊन दोन महिने झाले. ठेका संपला, सगळी पोरं घरी गेली. तो हल्ली मच्छीच्या जेटीवर बर्फ फोडतो."

दोन महिने! दर सोमवारी डबा घेऊन जात होता.

मास्तर जेटीवर गेले नाहीत. शनिवारी आशिष घरी आला तेव्हा त्याला एकट्याला समोर बसवलं. आमच्याकडे भावाचा अपराध झाला तर काय करायचं ते शास्त्रात पायरीपायरीने सांगितलंय. आधी एकट्याने जाऊन बोलायचं. ऐकलं नाही तर दोघांना साक्षीला न्यायचं. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांडायचं. इतर लोक हे वाचतात. मास्तर त्याप्रमाणे वागायचे. ते आशिषला म्हणाले, करुणाला आणि तिच्या आईला खरं सांग. तो म्हणाला, लग्न होऊ दे, तोवर दुसरी नोकरी लागेल, मग सांगतो.

दुसरा रविवार. नावं वाचली. मास्तर गायले नाहीत. पुस्तक उघडं धरून नुसते उभे. मी घाबरले, मला वाटलं हृदयाचं काहीतरी आहे.

गुरुवारी संध्याकाळी ते माझ्या दारात. "सोनाबाई, माझ्याकडे चला. पीटरकाकांनाही बोलावलंय." पीटरकाका एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आम्हा दोघांना वाटलं, लग्नाच्या जेवणाचं ठरवायचं असेल. जाऊन बघतो तर आशिष आठवड्याच्या मध्येच घरी बोलावलेला, भिंतीला टेकून उभा.

मास्तरांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही दोघं साक्षीला."

आशिष भडकला. "पप्पा, घरी कोर्ट भरवलंत? मावशी, तुम्हीपण?"

"मला जेवायला बोलावलंय असं वाटलं होतं," मी म्हटलं. "पण आलेच आहे तर सांगते. मेल्या, ती नर्स आहे. माणसाची नाडी धरते ती रोज. तुझी कशी सुटेल?"

"तिची आई लग्न मोडेल."

"मोडेल कदाचित," मास्तर म्हणाले. "पण तू गप्प बसलास तर पक्क्या नोकरीच्या माणसाशी लग्न लागेल आणि पक्क्या नोकरीचा माणूस घरात असणारच नाही. मग ती कोणाशी संसार करणार आहे, वॉचमनशी?"

पीटरकाका मध्येच म्हणाले, "एसटीत बघ ना, भरती निघाली की..." कोणी ऐकलं नाही.

"रविवारपर्यंत सांग," मास्तर म्हणाले. "नाहीतर मला सांगावं लागेल."

आशिष चपला घालून निघून गेला. त्या रात्री घरी आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही.

तिसरा रविवार! मी अशी देवळात बसले होते की जणू माझंच लग्न आहे. करुणा माझ्या पुढच्या बाकावर आईबरोबर. ताठ बसलेली. आशिष उशिरा आला आणि अगदी मागे, दाराशी टेकला. बापाकडे बघितलं नाही. बापाने मात्र वळून बघितलं.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. "कोणाची काही हरकत असेल तर त्याने ती आता सांगावी." मंडळी खोकली.

मास्तर उभे राहिले. "माझी हरकत आहे."

काय सांगू! खोकणं असं थांबलं की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पाळकसाहेब तरुण, त्यांचं पहिलंच गाव. ते म्हणाले, "मास्तर, हा तुमचाच मुलगा आहे."

"म्हणूनच." आणि मास्तरांनी सगळं बोलून टाकलं. नोकरी नाही, दोन महिने डब्याचं नाटक, मुलीकडच्यांना खोटं सांगितलं, एकट्याने बोललो, साक्षीदार नेले, ऐकलं नाही. मोठा आवाज, एकेक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता.

तेव्हा करुणा उठली. ती मास्तरांकडे वळली. रागाने नाकपुड्या फुललेल्या.

"मास्तर, मला माहीत आहे हे. काल आशिष आमच्या घरी आला होता. आईसमोर सगळं सांगितलं. मी त्याला संध्याकाळभर इतकी बोलले आहे की माझा घसा बसलाय. आईसुद्धा बोलली. मग आम्ही तिघं जेवलो. हरकत घ्यायचा हक्क माझा होता. मी घेतली नाही. तुम्ही कोणाच्या वतीने घेताय?"

मागून आशिष एवढंच म्हणाला, "एकदा विचारायचं तरी, पप्पा." आणि बाहेर गेला.

मास्तर उभेच. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, शाळेत फळ्यासमोर उत्तर चुकलेल्या पोरासारखं. मग म्हणाले, "मंडळी, चूक माझी आहे. हरकत मागे घेतो." पाळकसाहेबांना हरकत मागे घेतल्यावर काय वाचायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी गीत सांगितलं. त्या दिवशी गीत फार सुरात झालं. मास्तर गातच नव्हते.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "मास्तर, पायऱ्या सगळ्या बरोबर चढलात. वर पोचायच्या आधी दार ठोठावायचं विसरलात. तो दाराशी उभा होता. दहा पावलं. जाऊन विचारलं असतंत तर?"

"मला वाटलं, तो..."

"तुम्हाला काही वाटलं नाही. खरेपणापुढे मास्तर स्वतःचा मुलगाही बघत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं. उभं राहायची घाई झाली होती तुम्हाला."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "हो." एवढंच. मंडळीच्या कारभारी पंचांत ते होते, दुसऱ्या दिवशी त्याचा राजीनामा दिला.

लग्न बारा दिवसांवर. आशिष जयगडलाच राहिला, जेटीवर कुणाच्या तरी खोलीत. त्याने करुणाकडून निरोप पाठवला की लग्न ठरल्याप्रमाणे होईल, पण पप्पांनी येऊ नये. करुणाने निरोप जसाच्या तसा आणला. निरोप देऊन ती जाईना. म्हणाली, "मास्तर, अपराध झाला की काय करायचं ते तुम्हीच आम्हाला पडवीत शिकवलंत. मग आता तुम्ही अपराधी आहात. करा."

मास्तरांचे डोळे एकदम लकाकले! तीन दिवसांनी पहिल्यांदा. "एकट्याने जायचं आधी," ते म्हणाले आणि छत्री घेऊन निघालेच.

एकटे गेले, परत आले. आशिष पाठ फिरवून बर्फ फोडत राहिला. शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघांना उचललं. एसटीत पीटरकाकांनी प्रत्येक वळणावर ड्रायव्हरची अक्कल काढली. मास्तर पाठ केल्यासारखं तोंडातल्या तोंडात माफीची वाक्यं म्हणत होते.

जेटीवर होड्या लागल्या होत्या, लिलाव जोरात चालला होता. कोळंबीचे ढीग, बायकांचा गलका, बर्फाचा चुरा पायाखाली. आशिष गमबूट घालून क्रेट ओढत होता. मास्तर त्याच्यापाशी गेले, हळू आवाजात बोलायला लागले. हळू आवाज त्यांना येतच नाही, तो घोगरा निघतो.

आशिष वळला. "पप्पा, सबंध देवळासमोर मला नागडं केलंत. आणि माफी इथे कोपऱ्यात, मावशीच्या पदराआड मागताय?"

खरं सांगते, मुलाचं बरोबर होतं. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. आणि एक रिकामा क्रेट पालथा घातला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि वर चढले!

"ऐका!"

लिलाववाला अडखळला. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला आवाज तो. अख्खी जेटी वळली.

"हा माझा मुलगा आशिष! याच्यावर मी भर देवळात खोटेपणाचा आळ घेतला. त्याच्या आदल्याच दिवशी हा खरं बोलून मोकळा झाला होता. मी त्याला विचारलंसुद्धा नाही! मी रिटायर मास्तर आहे, पोरांना आधी विचारा म्हणून शिकवलं, स्वतः विसरलो. मी याची माफी मागतो. इथे माणसं कमी वाटत असतील तर रविवारी देवळात परत मागेन!"

मग एक जाडजूड मच्छीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे पोरा, बाप माफी मागतो ती घेऊन टाक ना! आमचा लिलाव थांबलाय!"

"कोळंबी पाणी सोडते!" दुसरी ओरडली.

"लग्न कधी आहे?" तिसरी म्हणाली.

आशिष लालबुंद. क्रेट हलत होता, खाली बर्फ, मास्तर एका पायावर. "पप्पा, खाली उतरा. पडाल."

"उतरतो. आधी सांग."

"काय सांगू?"

"लग्नाला येऊ?"

"या! पण उतरा हो आधी!"

जेटीवर अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. मच्छीवालीने मास्तरांच्या पिशवीत दोन ओंजळी कोळंबी टाकली, वर म्हणाली, होणाऱ्या सुनेला दे. येताना एसटीत मास्तर गायले. मोठ्याने, बेसूर. कंडक्टरने काही म्हटलं नाही. पीटरकाकांनी एकदाही ड्रायव्हरला नावं ठेवली नाहीत, म्हणजे बघा.

रविवारी त्यांनी देवळात परत माफी मागितली. आशिष म्हणत होता, नको, झालं ते झालं. मास्तर म्हणाले, शब्द दिलाय.

लग्नात हरकतीचा प्रश्न शेवटचा एकदा विचारतात. पाळकसाहेबांनी तो विचारला आणि सगळी मंडळी एकजात वळून मास्तरांकडे बघायला लागली. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आधी करुणा हसली, मग आशिष, मग पाळकसाहेबांना पुस्तक बंद करून हसावं लागलं. एवढं हसत लागलेलं लग्न मी दुसरं बघितलं नाही.

पुढे आशिषला खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला काम लागलं. या वेळी नेमणुकीचं पत्र त्याने आधी बायकोला दाखवलं, मग बापाला, मग मला. मुलगी झाली. मास्तरांचे गुडघे गेले होते, एकटं राहणं जमेना, म्हणून आशिष त्यांना न्यायला टेम्पो घेऊन आला. मी दारातच उभी होते. सामान चढलं. करुणा बाळाला घेऊन पुढे बसली. मास्तर म्हणाले, मी मागे कपाटाशी बसतो. आशिष म्हणाला, पुढे बसा. मास्तर म्हणाले, कपाट पडेल. आशिष म्हणाला, कपाट दोरीने बांधलंय, तुम्हाला बांधलेलं नाही. मास्तर म्हणाले, गाठ चुकीची आहे. "पप्पा, गाठ बरोबर आहे!" "मी तुला शिकवली ती गाठ ही नाही!" शेवटी आशिषने त्यांना पाठीमागून दोन्ही हात लावून बोचक्यासारखं पुढच्या सीटवर ढकललं, दार लावलं आणि स्वतः मागे कपाटाला धरून उभा राहिला. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हापशीसारखा हलवला, आणि माझ्याकडे न बघता मान मागे वळवून त्याला गाठ सांगू लागले.

ड्रायव्हरने टेम्पो काढला. उतारावरून दोघांचं भांडण खाली चाललं होतं, पुढून एक आवाज, मागून एक. मोहल्ल्याच्या वळणापर्यंत कोणता कोणाचा ते मला ओळखता येत होतं. त्यापुढे नाही.